पाठीच्या कण्यातला करंट : कोणाला बसवला, कोणाशी ताडून पाहिला

२०२१ साली 'जामा न्यूरॉलॉजी' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक निकाल छापून आला. मधुमेहामुळे तळपायांची आग होणारे आणि गोळ्यांनी भागत नसलेले २१६ रुग्ण घेतले होते. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले होते. एका गटाला नेहमीचीच औषधं, दुसऱ्याला औषधं आणि जोडीला मज्जारज्जूपाशी बसवलेलं विजेचं यंत्र. तीन महिन्यांनी यंत्राच्या गटातल्या ७९ टक्के रुग्णांचं दुखणं निम्म्यावर किंवा त्याखाली आलं होतं आणि नसांची अवस्था बिघडली नव्हती. नुसत्या औषधांच्या गटात हे प्रमाण होतं ५ टक्के. पुढच्याच वर्षी 'जामा'मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचा अभ्यास आला. कमरेच्या ऑपरेशननंतरही पायात कळा येत राहिलेल्या ५० रुग्णांना त्याच जातीचं यंत्र बसवलं होतं. काही महिने ते चालू ठेवलं, काही महिने बंद, आणि कधी काय हे रुग्णाला कळू दिलं नाही. चालू काळात आणि बंद काळात रोजच्या हालचालींमधल्या अडचणी जवळजवळ सारख्याच निघाल्या.

परतवाड्याच्या किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या कास्तकाराला नागपूर-मुंबईच्या डॉक्टरांनी हे यंत्र सुचवलं, तर तो विचारणार, "हे माह्या कामाचं हाय काय?" दोन्ही अभ्यास खरे आहेत, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर दोन्हींत नाही. ते मिळवायचं तर आधी बघावं लागतं की ज्यांना यंत्र बसवलं ते लोक कोण होते, त्यांची तुलना कोणाशी केली, आणि आपला माणूस त्यांतल्या कोणासारखा आहे. या यंत्राच्या उपचारावरचं, म्हणजे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशनवरचं, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं महत्त्वाचं संशोधन मी या तीन प्रश्नांच्या अंगाने वाचलं. त्यातून जे हाती आलं ते अमरावती-अकोल्याच्या माणसापुढे ठेवावं, हा या लेखाचा हेतू.

आधी यंत्र समजून घेऊ. कमरेतून जाड सुई घालून एक किंवा दोन बारीक तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत वर सरकवतात. पाठ-पायाच्या दुखण्यासाठी त्यांची टोकं छातीमागच्या खालच्या मणक्यांपाशी, साधारण आठव्या ते दहाव्या मणक्याच्या आसपास, नेऊन ठेवतात. आधी कच्ची चाचणी होते. काही दिवस तारा शरीराबाहेरच्या यंत्राला जोडलेल्या असतात. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं, तरच बॅटरीसकट यंत्र कमरेखाली कातडीच्या आत कायमचं बसवतात. यामागचा विचार १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स'मध्ये मांडला. स्पर्शाचे आणि दुखण्याचे निरोप मज्जारज्जूत एकाच टप्प्यावरून मेंदूकडे जातात, आणि स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की दुखण्याचे निरोप अडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. दोनच वर्षांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला नॉर्मन शीली या शल्यविशारदाने कर्करोगाच्या वेदनेने हैराण झालेल्या एका रुग्णावर पहिला प्रयोग केला. अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत लोक 'करंट' घ्यायला जातात, तो बाहेरून कातडीवर दिला जाणारा करंटही याच विचारातून आला आहे. तेव्हा कल्पना वऱ्हाडाला नवी नाही. नवी आहे ती तार आत नेण्याची पायरी, आणि तिची किंमत.

जुन्या यंत्रांचा एक गुण संशोधनाला नडला. सेकंदाला चाळीस-साठ ठोके देणारा करंट रुग्णाला जाणवतो, दुखऱ्या भागात गोड मुंग्या येतात. त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णापासून लपवताच येत नव्हतं. अंगात यंत्र बसलं आहे, मोठ्या डॉक्टरांनी बसवलं आहे, आता बरं वाटणार, या विश्वासानेही दुखणं काही काळ खरोखर हलकं होतं. तो वाटा वेगळा काढायला बंद यंत्राचा गट लागतो, आणि तोच कित्येक वर्षं नीट मिळाला नाही. सेकंदाला १०,००० ठोक्यांचा करंट आणि थांबून थांबून येणारा 'बर्स्ट' करंट आला, या दोन्हींत मुंग्या जाणवत नाहीत, तेव्हा कुठे नॉर्वेसारखा अभ्यास शक्य झाला.

सर्वांत जास्त अभ्यास झालेला गट म्हणजे ऑपरेशन होऊनही दुखणं न गेलेले पाठीचे रुग्ण. वऱ्हाडात त्यांना वेगळं नाव नाही. 'गादी सरकली होती, ऑपरेशन केलं, तरी पाय तसाच', इतकंच ते सांगतात. वैद्यकात या अवस्थेला अनेक दशकं फसलेलं ऑपरेशन अशा अर्थाचं नाव होतं. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ते बदलून 'पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम' असं नाव सुचवलं आणि त्याचे दोन प्रकार केले, ऑपरेशन न झालेल्यांचा पहिला आणि झालेल्यांचा दुसरा. ही विभागणी मला फार मोलाची वाटते. एका प्रकारात मिळालेला आकडा दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला ऐकवला जाऊ नये, ही सोय तिने झाली.

या गटावरच्या पहिल्या लक्षणीय अभ्यासांपैकी एक बाल्टिमोरच्या रिचर्ड नॉर्थ यांचा, २००५ सालचा. ज्यांचं पुन्हा ऑपरेशन करायचं ठरत होतं, अशा रुग्णांना चिठ्ठीने यंत्र किंवा दुसरं ऑपरेशन दिलं. शेवटपर्यंत माग राहिलेल्या ४५ जणांपैकी यंत्राच्या १९ मधल्या ९ जणांना उपयोग झाला, दुसऱ्या ऑपरेशनच्या २६ मधल्या फक्त ३ जणांना. आकडे लहान आहेत, पण तुलना थेट आहे आणि आपल्या भागात हाच प्रश्न नेहमी पडतो. 'पुन्हा एकदा उघडून पाहू' असं सांगितल्यावर घरदार गहाण ठेवून दुसऱ्या ऑपरेशनला जाणारी कुटुंबं वऱ्हाडात आहेत. यंत्र घेवो न घेवो, दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी त्या २६ मधल्या ३ चा आकडा प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांपुढे ठेवावा.

मग २००७ साली 'प्रोसेस' नावाचा अभ्यास आला. प्रमुख होते कॅनडातल्या रजायना शहराचे भारतीय वंशाचे शल्यविशारद डॉ. कृष्ण कुमार. रुग्ण १००, आणि सगळ्यांचं पाठीपेक्षा पायाचं दुखणं जास्त. सहा महिन्यांनी यंत्राच्या गटात ४८ टक्के लोकांचं पायाचं दुखणं निम्म्याने तरी उतरलं, औषधांच्या गटात ९ टक्के. पायाचं दुखणं हा इथला कळीचा शब्द. दाबल्या गेलेल्या नसेची कळ नितंबातून पोटरीत उतरते, ती या करंटला जास्त दाद देते. नुसती कंबर धरणं, वाकलं की पाठ आखडणं, हे वेगळं. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात रुग्ण 'कंबर' म्हणतो आणि हात पोटरीपर्यंत नेतो. 'कंबर जास्त की पाय जास्त?' हा एक प्रश्न विचारला, तरी तो कोणत्या गटात बसतो याचा निम्मा उलगडा होतो. तो 'आग होते', 'करंट लागल्यासारखं होते', 'मुंग्या येते' म्हणतो, की 'ठणकते', 'जाम होते' म्हणतो, यावरून उरलेला बराचसा.

२०१५ च्या 'सेन्झा' अभ्यासात १०,००० ठोक्यांचा करंट जुन्या करंटशी ताडला. तीन महिन्यांनी पाठदुखी निम्म्याने उतरलेले ८४.५ टक्के विरुद्ध ४३.८ टक्के. हा आकडा कंपन्यांच्या माहितीपत्रकांत फार मिरवतो. पण तो वाचताना भाजकाकडे बघावं लागतं. चिठ्ठ्या १९८ जणांच्या टाकल्या होत्या आणि कच्च्या चाचणीत उतरून पक्कं यंत्र बसलं ते १७१ जणांना. टक्के काढले ते या १७१ मधले. चाचणीतच उपयोग न झालेले लोक हिशेबाबाहेर गेले. दवाखान्याची पायरी चढणाऱ्या माणसाची शक्यता त्यामुळे छापलेल्या आकड्यापेक्षा कमी असते. शिवाय इथे यंत्राची तुलना यंत्राशीच होती. २०२० च्या 'इव्होक' अभ्यासातही तेच. मज्जारज्जूचा प्रतिसाद मोजून करंट आपोआप कमीजास्त करणारं यंत्र तसं न करणाऱ्या यंत्रापेक्षा सरस ठरलं, १३४ रुग्णांत ८२ टक्के विरुद्ध ६० टक्के. दोन्ही गटांत करंट असल्यामुळे करंटशिवाय काय झालं असतं, हा प्रश्न तसाच राहिला.

तुलनेच्या गटाचा खरा तिढा मात्र औषधांवर ठेवलेल्या गटात आहे. या अभ्यासांत घेतात कोणाला? ज्यांना औषधांचा उपयोग झालेला नाही त्यांना. मग चिठ्ठी टाकून निम्म्यांना सांगतात, तुम्ही तीच औषधं चालू ठेवा. ज्या बियाण्याने या वावरात पीक दिलं नाही हे ठाऊक आहे, तेच पुन्हा अर्ध्या वावरात पेरावं आणि नवं बियाणं उरलेल्या अर्ध्यात, तशी ही तुलना झाली. जुन्या बियाण्याच्या बाजूला ५ टक्के, ९ टक्के येणार यात नवल नाही. या रुग्णांनी हेही आधीच मनाशी धरलेलं असतं की आपल्याला यंत्र हवं. ते मिळालं नाही याची निराशाही त्यांच्या आकड्यात उतरते. त्यात 'प्रोसेस', 'सेन्झा' आणि 'इव्होक' या तिन्हींना यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा होता. एवढ्यावरून निकाल खोटे ठरत नाहीत. पण दुसऱ्या हातांनी केलेले निकाल शेजारी ठेवून बघणं आपलं काम आहे.

ते निकाल थंड आहेत. नॉर्वेचा वर सांगितला. त्यात अपंगत्वाचा गुणांक करंट असताना सरासरी १०.६ ने उतरला आणि नसताना ९.३ ने. वापरलेला 'बर्स्ट' करंट नेहमीच्या पद्धतीचा नव्हता, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. पण बंद यंत्रावरही माणसं सुधारली, हे त्या आक्षेपाने पुसलं जात नाही. २०२३ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने कंबरदुखीवरचे १३ अभ्यास, ६९९ रुग्ण एकत्र केले आणि सध्याच्या पुराव्यावर कंबरदुखीसाठी हा उपचार चाचण्यांच्या बाहेर वापरण्याला आधार नाही, असा कौल दिला. त्याच वर्षी संकेत ध्रुव आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदी तपासल्या. यंत्र बसवलेले १,२६० रुग्ण आणि त्यांच्याशी वय, आजार, औषधं जुळवून निवडलेले बाकीचे, असे एकूण ७,५६० लोक. दोन वर्षांनी अफूजन्य औषधांचा वापर यंत्राच्या गटात कमी झालेला नव्हता. सुमारे १८ टक्के लोकांना यंत्रामुळे काही ना काही गुंतागुंत झाली आणि सुमारे २२ टक्के लोकांचं यंत्र दुरुस्त करावं लागलं किंवा काढावं लागलं. तार सरकणं, जंतुसंसर्ग, बॅटरीच्या जागी दुखणं, ही नेहमीची कारणं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शोधपत्रकारितेत या यंत्रांबद्दल अमेरिकी नियामकाकडे २००८ पासून ८०,००० हून जास्त घटनांची नोंद झाल्याचं पुढे आलं होतं. आपल्याकडे उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. तो तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचल्याशिवाय वऱ्हाडातल्या रुग्णाची सरकलेली तार कोणत्याच आकड्यात येणार नाही.

मधुमेहाचा गट आपल्यासाठी सर्वांत मोठा. आयसीएमआर-इंडिअ‍ॅब पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला, प्रौढांत ११.४ टक्के. त्यातल्या अनेकांच्या पायांच्या नसा हळूहळू मरतात, आणि मरता मरता दुखतात. यंत्राचा उपयोग या गटात ऑपरेशन झालेल्या पाठींपेक्षा जास्त खणखणीत दिसतो. २०१४ साली नेदरलँड्समधून आलेल्या दोन लहान अभ्यासांचा कलही तोच होता. मात्र त्यांतल्या एकात यंत्र बसवताना झालेल्या गुंतागुंतीनंतर मेंदूभोवती रक्तस्राव होऊन एक रुग्ण दगावला, हेही नोंदलेलं आहे. २०२१ चा अभ्यास खुला होता. कोणाच्या अंगात यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही ७९ आणि ५ मधलं अंतर केवळ विश्वासाच्या बळावर पडलं असेल, असं मला वाटत नाही.

पण त्या २१६ लोकांची निवड कशी झाली ते बघा. तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा, म्हणजे एचबीएवनसी, १० च्या वर असलेल्यांना घेतलं नव्हतं. प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन आणि शिवाय आणखी एका जातीचं औषध वापरून झालेलं असणं आवश्यक होतं. दुखणं किमान एक वर्षाचं हवं होतं. भातकुलीच्या किंवा तेल्हाऱ्याच्या खेड्यातला माणूस यात बसतो का? त्याची साखर उपाशीपोटी एकदा तपासलेली असते, एचबीएवनसी कित्येकदा कधीच नाही. औषध एका जातीचं, तेही अर्ध्या मात्रेत आणि मेडिकलवरून पुडीत आणलेलं. तो बधिर पावलांनी काळ्या मातीत अनवाणी चालतो, आणि काटा रुतलेला त्याला जखम चिघळल्यावर कळतो. अंगात जखम चिघळत असताना कण्यापाशी परकी वस्तू बसवणं म्हणजे जंतूंना घर देणं. अभ्यासातल्या रुग्णाशी जुळायला या माणसाला आधी नियमित साखर, बुटाची जोडी आणि औषधाची पुरी मात्रा लागेल. त्यानंतर यंत्राची गरज उरलेले लोक कमी असतील, आणि त्यांना मिळणारा फायदा छापलेल्या आकड्याच्या जवळ जाईल. या गटाबद्दल मला सर्वांत जास्त आशा आहे, म्हणून ही अट इतक्या आग्रहाने मांडतो आहे.

तिसरा गट लहान, पण त्याचं दुखणं बघवत नाही. थ्रेशरमध्ये हात सापडला, मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं. तरी हात सुजलेला, कधी लाल कधी निळा, वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही. या सीआरपीएस नावाच्या आजारावर नेदरलँड्सच्या मारियस केमलर यांनी २००० साली ५४ रुग्णांचा अभ्यास छापला. यंत्राच्या वाट्याला आलेल्या ३६ पैकी २४ जण कच्च्या चाचणीत उतरले. निकाल मात्र त्यांनी सगळ्या ३६ जणांवर काढला. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. सहा महिन्यांनी दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर दुखणं २.४ ने उतरलं, यंत्र न मिळालेल्या गटात किंचित वाढलं. पाच वर्षं माग ठेवल्यावर दिसलं की तीन वर्षांनंतर दोन गटांतला फरक पुसट होत गेला. आणि तरीही यंत्र बसवलेल्यांपैकी ९५ टक्के लोक म्हणाले, पुन्हा वेळ आली तर हाच उपचार घेऊ. पट्टीवरचा आकडा आणि माणसाचं समाधान इतकं दूर कसं जातं, याचं उत्तर मला कुठे पटेल असं मिळालं नाही. रुग्णाशी बोलताना दोन्ही गोष्टी त्याला सांगाव्यात.

नागीण होऊन गेल्यावर फासळ्यांवर राहणारी आग, तुटलेल्या पायाच्या जागी दुखणं, यांच्यावरचा पुरावा पातळ आहे. हृदयविकाराच्या न थांबणाऱ्या कळांवर युरोपात हे यंत्र वापरलं गेलं. १९९८ च्या एका स्वीडिश अभ्यासात १०४ रुग्णांमध्ये त्याची तुलना बायपासशी झाली आणि छातीच्या कळा दोन्ही गटांत सारख्याच उतरल्या. पण तो विषय वेगळा. गुडघेझीज, २००६ च्या साथीनंतर विदर्भात घरोघर पोचलेली चिकुनगुनियाची सांधेदुखी, सिकलसेलच्या रुग्णांच्या हाडातल्या कळा, ही दुखणी या यंत्राच्या गटांत बसत नाहीत. सरसकट 'दुखण्यावरचं यंत्र' म्हणून ते कोणी विकू लागला, तर त्याला तिथेच थांबवावं.

एक गट मात्र पाश्चात्त्य अभ्यासांत जवळजवळ नाहीच, आणि तो वऱ्हाडाच्या दारात आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. अचलपूरजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. कुष्ठरोगाचा जंतू औषधांनी मरतो, रोग बरा झाल्याचं कागदावर लागतं, पण जंतूने कुरतडलेल्या नसा पुढे अनेक वर्षं दुखत राहू शकतात. मुंबईत बऱ्या झालेल्या १०१ कुष्ठरुग्णांची पाहणी २०११ साली छापली गेली. त्यांतल्या सुमारे पाचातल्या एकाला नसांचं दुखणं होतं, आणि त्यांच्यात मानसिक त्रासही जास्त होता. ज्या हाताला चटका कळत नाही, तोच हात रात्रभर जळतो. बाहेरून बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून रुग्ण बोलत नाही. हे दुखणं मधुमेहाच्या नसांच्या दुखण्याच्या जवळचं आहे, पण मधुमेहावरचा आकडा उचलून इथे लावता येणार नाही. बधिर अंगावर जखमा, संसर्ग, यंत्राच्या जागेची निगा, सगळंच जास्त अवघड. या माणसांसाठी आधी काम आहे ते त्यांना 'दुखतं का?' असं विचारण्याचं, आणि नसांच्या दुखण्यावरची साधी औषधं नेमाने पुरवण्याचं. दक्षिण आशियातले दुखण्याचे तज्ज्ञ जेव्हा स्वतःच्या रुग्णांचे गट ठरवतील, तेव्हा हा गट पहिल्या ओळीत असावा.

आता काळाचा प्रश्न. डॉ. कृष्ण कुमारांनीच २०१४ मध्ये ४३७ रुग्णांच्या नोंदी उलगडल्या. दुखणं सुरू झाल्यापासून यंत्रापर्यंत पोचायला त्यांना सरासरी पाच वर्षांहून जास्त लागली होती. दोन वर्षांच्या आत पोचलेल्यांत सुमारे ७५ टक्क्यांना उपयोग झाला. वीस वर्षांनी पोचलेल्यांत १५ टक्क्यांना. उशिरा येणारे लोक आधीच वेगळे असतात, जास्त ऑपरेशनं झालेले, जास्त खचलेले, त्यामुळे सगळा दोष काळाला देता येणार नाही. पण कल स्पष्ट आहे. आपल्याकडे माणूस आधी मालीश करणाऱ्याकडे जातो, मग गावातल्या डॉक्टरकडे सुया घेतो, मग तालुक्याला एक्स-रे, 'मणक्यात गॅप आला' हे निदान, पट्टा, मग अमरावतीला एमआरआय. बाया तर वेचणी सरली की जाऊ, सोंगणी सरली की जाऊ, करत वर्षं काढतात. अमेरिकेच्या त्या विमा नोंदींत निम्म्याहून जास्त रुग्ण बाया होत्या. आपल्याकडे महागड्या उपचारासाठी नागपूरची गाडी करायची वेळ येते तेव्हा घरात कोणाचं दुखणं पहिलं धरलं जातं, हे प्रत्येकाने स्वतःच्या घरात आठवून बघावं.

तुलनेतलं 'नेहमीचे उपचार' हे शब्दही इथे वेगळ्या अर्थाने वाचावे लागतात. पाश्चात्त्य अभ्यासांत त्यात अफूजन्य औषधं असतात, आणि ती कमी झाली का हे यशाचं मोठं माप धरलं जातं. वऱ्हाडातल्या पाठदुखीच्या रुग्णाला अफूजन्य औषध क्वचितच मिळतं. त्याच्या पिशवीत डायक्लोफेनॅक असतं, स्टिरॉइडच्या गोळ्या असतात, आणि नाव न सांगता दिलेल्या रंगीत पुड्या असतात. वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, मूत्रपिंडाच्या तक्रारी हा आधीच गावोगावचा काळजीचा विषय आहे. इथे यशाचं माप ठरवायचं तर रुग्णाच्या गोळ्या किती सुटल्या आणि क्रिएटिनिन कुठे थांबलं, हे बघावं लागेल. यंत्राआधी सिगारेटबद्दल विचारतात, कारण धूम्रपान करणाऱ्यांत उपयोग कमी दिसल्याची निरीक्षणं आहेत. आपल्या अर्जात तंबाखूच्या खर्ऱ्याचाही रकाना हवा.

पैशाचं आणि अंतराचं थोडक्यात. यंत्र बहुतेक परदेशातून येतं आणि खर्च अनेक लाखांत जातो. राज्याची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता, अकोल्याला ती २०१३ च्या अखेरीस मिळाली. आता महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं छत्र आहे. पण यंत्र बसवून काम संपत नाही. करंट पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. काही बॅटऱ्या घरी चार्ज कराव्या लागतात. पुढे कधी एमआरआय लागला तर यंत्र त्यासाठी चालणारं आहे का ते बघावं लागतं. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. पाय आखडलेल्या माणसाला दर वेळी एवढा प्रवास करायला लावणारा उपचार दुसऱ्या वर्षी अर्धवट सुटतो. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण होतं. तेव्हा करंट जुळवण्याची सोय वऱ्हाडात होऊ शकत नाही, असं कोणी सांगू नये.

माझं मत असं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००८ मध्ये घातलेल्या अटी आजही शहाणपणाच्या आहेत. दुखणं नसेचं असावं, शंभरातलं किमान पन्नास असावं, नेहमीचे उपचार नीट करूनही सहा महिने टिकलेलं असावं, आणि कच्ची चाचणी उतरलेली असावी. त्यात वऱ्हाडासाठी मी आणखी तीन अटी घालेन. पाठीपेक्षा पाय जास्त दुखत असावा. मधुमेह असल्यास साखर ताब्यात आणि पाय जखमेविना असावेत. आणि यंत्र बसवणाऱ्याशी पैशाचा संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी रुग्ण तपासलेला असावा. एवढ्यातून जे थोडे उरतील, त्यांना हा उपचार परवडत नाही म्हणून नाकारला जाऊ नये. ज्यांची नुसती कंबर दुखते, त्यांच्यासाठी आजच्या पुराव्यावर हे यंत्र मी सुचवणार नाही.

त्याआधी अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीत आठवड्यातून एक दिवस भूलतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एकत्र बसतील असा दुखण्याचा बाह्यरुग्ण विभाग हवा, आणि तिथे एक वही. रुग्ण कोणत्या गटातला, दुखणं कधीपासून, पाय की कंबर, आधी किती ऑपरेशनं, कोणत्या गोळ्या किती वर्षं, साखर किती, खर्रा खातो का, बाई की पुरुष, घरापासून दवाखाना किती दूर. मग उपचार काय दिला, सहा महिन्यांनी काय, दोन वर्षांनी काय. यंत्र मिळालेल्यांइतकीच न मिळालेल्यांचीही नोंद त्याच बारकाईने व्हावी, कारण तुलना त्यांच्याशिवाय होत नाही. या वहीला लाखांचा खर्च नाही आणि ती कोणत्याही कंपनीची वाट बघत नाही. पहिली पानं मधुमेहाच्या पायांची आणि तपोवन-कोठाऱ्यातल्या बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांची असावीत.